दुचाकीचे इंजिन, चारचाकीचा भार आणि मधली चेन

मोटारसायकलचे इंजिन घालून घरी बांधलेल्या माझ्या चारचाकीची पहिली चेन उतरवली तेव्हा ती जमिनीवर सरळ पसरलीच नाही. चौऱ्याऐंशी कड्यांपैकी पाच-सहा ठिकाणी ती अर्धवट वाकलेलीच राहिली, हाताने दाबूनही सरळ होईना, आणि नेमक्या त्याच ठिकाणी कड्यांच्या बाजूच्या पट्ट्यांच्या फटीत गंजासारखी तांबूस पूड साचलेली दिसली. कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्यामधले ग्रीस संपले, की दोन्ही पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर कोरडे घासू लागतात आणि ती पूड बाहेर येते. हे इंजिन ज्या मोटारसायकलवरून आले, तिच्यावर याच मापाची आणि याच दर्जाची चेन कित्येक वर्षे विनातक्रार चालली होती. माझ्या चारचाकीत ती वर्षभरही टिकली नाही. चेन तीच आणि इंजिनही तेच असताना आयुष्यात एवढा फरक का पडावा, या प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकलो, ते इथे सविस्तर लिहितो.

गाडीची मांडणी या जातीच्या गाड्यांमध्ये असते तशीच आहे. चालकाच्या पाठीमागे एक हजार सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले आहे, त्याच्याच गिअरबॉक्सच्या दांड्यावर पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, आहे, आणि तिथून चेन मागच्या डिफरन्शिअलवरच्या (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेवरच्या) मोठ्या स्प्रॉकेटकडे जाते. चारचाकीत चेन ही काही नवलाची गोष्ट नाही. मोटारगाड्यांच्या सुरुवातीच्या काळात चेन सर्रास वापरात होती, आणि होंडाने १९६३ साली आणलेल्या एस-५०० या छोट्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र चेन होती. मात्र त्या चेन बंद धातूच्या पेटीत, धूळ आणि पाण्यापासून सुरक्षित फिरत होत्या. आपल्या गाड्यांमध्ये चेन उघड्यावर, जमिनीपासून काही बोटांच्या अंतरावर, पुढच्या चाकांनी उडवलेल्या खडी-मातीच्या माऱ्यात धावते.

आधी भाराचा हिशेब मांडतो, कारण निवडीचा पाया तोच आहे. इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०० न्यूटन-मीटर धरू. इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जोर नेणाऱ्या प्रायमरी गिअरचे गुणोत्तर १.६ आणि पहिल्या गिअरचे २.६ धरले, तर पुढच्या स्प्रॉकेटच्या दांड्यावर ४१६ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पुढचे स्प्रॉकेट १५ दात्यांचे असेल तर त्याची प्रभावी त्रिज्या सुमारे ३८ मिलिमीटर भरते. म्हणजे चेनवर जवळजवळ १०.९ किलोन्यूटन, अर्थात अकराशे किलो वजन टांगावे एवढी ओढ येते. हे आकडे मोटारसायकललाही लागू होतातच, पण तिथे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला तर पुढचे चाक उचलले जाते आणि चालकाला हात आवरता घ्यावा लागतो, त्यामुळे ही कमाल ओढ चेनच्या वाट्याला फार थोडा वेळ येते. चारचाकीत चालकासह साडेपाचशे किलोचे वजन आणि मागे दोन रुंद टायर असतात. ते सगळी ओढ मुकाट्याने पेलतात, आणि प्रत्येक वळणातून बाहेर पडताना ती पुन्हा पुन्हा चेनवर येते. त्यातच मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, झटके जिरवणारी रबरे असतात, आणि डिफरन्शिअलला सहसा अशी काही सोय नसते. क्लच झटक्याने सोडला, की तो झटका थेट पिनवर जाऊन बसतो.

आता मापांकडे येऊ. ५२०, ५२५, ५३० या आकड्यांमधला पहिला अंक चेनचा पिच सांगतो. पिच म्हणजे एका पिनच्या केंद्रापासून पुढच्या पिनच्या केंद्रापर्यंतचे अंतर, आणि ते इंचाच्या आठव्या भागांत मोजलेले असते. पाच म्हणजे पाच-अष्टमांश इंच, म्हणजेच १५.८७५ मिलिमीटर. उरलेले दोन अंक आतल्या पट्ट्यांमधल्या रुंदीचे आहेत: ५२० मध्ये ती ६.३५ मिलिमीटर, ५२५ मध्ये ७.९४ आणि ५३० मध्ये ९.५३ मिलिमीटर असते. तिन्हींचा पिच एकच असल्यामुळे स्प्रॉकेटचा व्यास बदलत नाही, बदलते ती फक्त दात्यांची जाडी. म्हणून एका मापावरून दुसऱ्यावर जायचे असेल तर दोन्ही स्प्रॉकेटही त्याच मापाची घ्यावी लागतात.

शर्यतीच्या मोटारसायकलवर वजन वाचवण्यासाठी ५२० वापरण्याची रीत आहे, आणि ती पाहून अनेक जण चारचाकीतही तीच बसवतात. हलक्या गाडीत, सहाशे सीसीच्या इंजिनावर ती योग्यही आहे. एक हजार सीसी किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाडीत मात्र मी ५३० च घेईन. चांगल्या दर्जाच्या ५२० आणि ५३० चेनची तुटण्याची मर्यादा साधारण ३५ ते ४५ किलोन्यूटनांच्या घरात असते, त्यामुळे केवळ तो आकडा पाहिला तर ५२० सुद्धा पुरेशी वाटते. पण तो आकडा चेन एकदाच, सावकाश ओढून तोडल्यावर मिळालेला असतो. लाखो वेळा ताण येऊन जाण्याला पट्ट्या किती काळ तोंड देतील, याचे उत्तर त्यात नाही, आणि ती मर्यादा कितीतरी खाली असते. शिवाय पिन आणि बुश यांच्यावरचा दाब त्यांच्या लांबीवर वाटला जातो, त्यामुळे चेन रुंद असली की झीज सावकाश होते. काही शे ग्रॅम वजन वाचवून ही झीज ओढवून घेणे मला पटत नाही.

सीलबंद चेन घ्यावी की उघडी, याचे उत्तर सोपे आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला सीलबंदच हवी. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबरी कडी असते आणि ती कारखान्यात भरलेले ग्रीस आत कोंडून ठेवते. इंग्रजी एक्स अक्षरासारखा छेद असलेली कडी साध्या ओ-रिंगपेक्षा कमी घासते आणि सहसा जास्त टिकते. उघडी चेन थोडी हलकी फिरते हे खरे, पण प्रत्येक फेरीनंतर तिला तेल द्यावे लागते. इथे उष्णतेचाही विचार करायला हवा. माझ्या गाडीत सायलेन्सरची नळी चेनपासून चार बोटांवर होती, आणि त्या रबरी कड्या कडक पडण्यात तिचाही वाटा असावा असा माझा कयास आहे. आता मध्ये ॲल्युमिनियमचा एक पत्रा बसवला आहे.

चेनच्या मापाइतकेच महत्त्व पुढच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना आहे, आणि तिकडे फार कमी लक्ष दिले जाते. चेन स्प्रॉकेटवर गोलाकार बसत नाही, ती बहुभुजाकृतीवर बसते. त्यामुळे स्प्रॉकेट एकसारख्या गतीने फिरत असले तरी चेनची गती प्रत्येक दात्यागणिक किंचित कमी-जास्त होत राहते. १२ दात्यांवर हा चढ-उतार सुमारे ३.४ टक्के असतो, १५ वर २.२ आणि १७ वर १.७ टक्के. दाते कमी असले की प्रत्येक कडीला जास्त कोनात वाकावे लागते आणि झीज त्या वाकण्यातच होते. माझ्या गाडीत पुढे १५ आणि मागे ४५ दाते होते. मी ते १७ आणि ५१ केले. गुणोत्तर तीनच राहिले, गाडीच्या वेगात काही बदल झाला नाही, पण पुढच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ४३ मिलिमीटरवर गेली आणि तोच टॉर्क वाहताना चेनवरची ओढ १०.९ वरून ९.६ किलोन्यूटनांवर आली. दोन दात्यांच्या बदलात बारा टक्के भार कमी झाला. एवढ्या स्वस्तात मिळणारा लाभ या गाडीत दुसरा नाही. मोठे स्प्रॉकेट इंजिनाच्या खोक्याला घासत नाही ना, आणि मागच्या स्प्रॉकेटखाली जमिनीपासून पुरेशी मोकळीक राहते ना, हे मात्र आधी मोजून घ्यावे. नव्या जोडणीला ८८ कड्या लागल्या. १७ आणि ५१ या दोन्ही संख्यांचा ८८ शी सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक कडी आळीपाळीने प्रत्येक दात्यावर बसते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

एवढे करूनही पहिल्या चेनच्या मरणाचे खरे कारण मला सापडलेले नव्हते. ते सापडले आतल्या पट्ट्यांवर. चेन रॉकेलने धुऊन उजेडात धरली, तर एकाच बाजूच्या आतल्या पट्ट्या आतून आरशासारख्या चकाकत होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या मळकट, जशा असायला हव्यात तशा होत्या. स्प्रॉकेटचे दाते एकाच बाजूच्या पट्टीला घासत असल्याची ही खूण होती. पण मी सरळ पट्टी लावून दोन्ही स्प्रॉकेट अनेकदा तपासली होती आणि ती एका रेषेत होती. गाडी उभी असताना रेषा बरोबर, आणि चेन मात्र सांगत होती की रेषा चुकलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असण्याची एकच वाट होती: भार आल्यावर काहीतरी वाकत होते.

मग मी मागची चाके घट्ट अडवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, इंजिन आणि डिफरन्शिअल धरून ठेवणारा कंस यांच्यामध्ये बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, नटावर जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने, इंजिन फिरते त्याच दिशेने, ४० न्यूटन-मीटर जोर दिला. गेजचा काटा जवळजवळ दोन मिलिमीटर सरकला. चेन ज्या बाजूला होती त्या बाजूचा कंस पुढे ओढला जात होता आणि दुसऱ्या बाजूचा जवळपास जागेवर होता, म्हणजे डिफरन्शिअल तिरके होत होते. प्रत्यक्षात येणारा भार याच्या अडीचपट. आणि दोन मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही. वेग घेताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि सगळी ढील खाली गोळा होते. ४२० मिलिमीटरवर असलेली दोन केंद्रे दोन मिलिमीटरने जवळ आली, तर खालच्या बाजूला चार मिलिमीटर जादा लांबी जमा होते, आणि त्या चार मिलिमीटरमुळे चेन मधोमध जवळजवळ तीन सेंटिमीटर लोंबू शकते. अशी लोंबती, तिरकी चेन सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने फिरत होती. तिला दोष द्यायला मला जागाच उरली नाही.

मोटारसायकलमध्ये ही अडचण सहसा येत नाही, कारण इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारा स्विंगआर्म कारखान्यात याच ओढीसाठी घडवलेला असतो. घरी बांधलेल्या गाडीत तो मधला सांगाडा आपणच उभा करतो, आणि तिथे आपण वजनाचा आणि जागेचा विचार करतो, चेनच्या ओढीचा करत नाही. मी इंजिनाच्या मागच्या वरच्या आणि खालच्या आधारांपासून थेट डिफरन्शिअलच्या कंसापर्यंत, शक्य तितक्या चेनच्या रेषेत, दोन नळ्या घातल्या. त्याच जोरावर गेज आता ०.३ मिलिमीटर दाखवतो. चेन कोणती घ्यावी असे मला कोणी विचारले, तर मी आधी हे मोजायला सांगतो. दोन स्प्रॉकेटमधला सांगाडा लवचीक असेल तर सर्वांत महाग चेनही तिथे वाया जाते.

ताण लावण्याच्या सोयीबद्दलही एक सांगायचे आहे. काही गाड्यांमध्ये ढील काढण्यासाठी खालच्या बाजूला स्प्रिंगवरचे छोटे चाक लावलेले असते. वेग घेताना ते उत्तम काम करते, पण थ्रॉटल सोडून इंजिनाचा ब्रेक लागला की ओढ उलटते, खालची बाजू ताणली जाते आणि तो सगळा भार त्या स्प्रिंगवर येतो. चाक दाबले जाते, सगळी ढील एकदम वरच्या बाजूला जाते, आणि पुन्हा थ्रॉटल दिल्यावर चेन झटक्याने ताणली जाते. त्यामुळे अख्खे डिफरन्शिअलच मागे-पुढे सरकवण्याची सोय मला जास्त भरवशाची वाटते. माझ्या गाडीत त्यासाठी दोन्ही बाजूंना विकेंद्री चकत्या, म्हणजे भोक मध्यापासून बाजूला असलेल्या चकत्या, आहेत. त्या फिरवताना दोन्हीकडे अगदी सारख्याच फिराव्यात म्हणून त्यांच्या कडांवर मी खुणा कोरून घेतल्या आहेत.

ढील किती ठेवावी हे मोटारसायकलच्या पुस्तिकेतून उचलू नये. तिथे दिलेली २५-३५ मिलिमीटरची ढील स्विंगआर्म वर-खाली होताना बदलणाऱ्या अंतरासाठी असते. आपल्या गाडीत इंजिन आणि डिफरन्शिअल दोन्ही चौकटीला घट्ट बांधलेले असतात, चाके हलली तरी केंद्रांमधले अंतर तेच राहते, त्यामुळे कमी ढील चालते. मी केंद्रांतराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १२ ते १४ मिलिमीटर एकूण हालचाल ठेवतो. ती चेन सर्वांत ताठ असेल त्या ठिकाणी मोजायची, कारण झिजलेली चेन किंवा किंचित विकेंद्रित स्प्रॉकेट असेल तर एका फेरीत ढील कमी-जास्त होत राहते. चेन अति ताठ असणे हे ढिली असण्यापेक्षा वाईट आहे. ढिली चेन आवाज करून आपली कैफियत मांडते, ताठ चेन मात्र गिअरबॉक्सच्या बेअरिंगला शांतपणे खात राहते.

चेनची दोन टोके जोडणारी कडी या गाडीत नेहमी रिव्हेटचीच, म्हणजे पिनची टोके फुलवून कायमची बसवलेली, असावी. क्लिपची कडी लावायचीच वेळ आली, तर क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, हे तरी विसरू नये. रिव्हेट करताना घाई चालत नाही. चारही रबरी कड्यांना सोबत मिळालेले ग्रीस भरपूर लावायचे, बाहेरची पट्टी सावकाश दाबत न्यायची आणि दर वेळी थांबून व्हर्निअरने रुंदी शेजारच्या कडीशी ताडून पाहायची. पट्टी जास्त दाबली गेली तर रबर चिरडते आणि ती कडी कायमची आखडते. मग पिनची टोके फुलवायची आणि फुललेला व्यास चेन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत आहे का ते मोजायचे. शेवटी भिंगातून पिनच्या कडेला बारीक चीर नाही ना हे पाहायचे. मला एकदा अशी केसासारखी चीर दिसली होती. मी ती कडी कापून दुसरी लावली.

चेन तुटली तर ती कुठे जाईल, हा प्रश्न या गाडीत टाळता येत नाही, कारण ती चालकाच्या पाठीमागे आणि पेट्रोलच्या टाकीजवळ फिरत असते. ३ मार्च १९२७ रोजी वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात शर्यतपटू जे. जी. पॅरी-थॉमस यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या ‘बॅब्स’ गाडीची चेन तुटून लागल्यामुळेच तो झाला असे अनेक वर्षे मानले गेले. तिथेच वाळूत पुरलेली ती गाडी १९६९ साली बाहेर काढल्यानंतर संशय मागच्या चाकाकडे वळला, तरी वेगाने फिरणारी चेन काय करू शकते याबद्दलची धास्ती रास्तच आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बांधण्याच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या नियमांत चेनवरचे कवच किमान २.६६ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे आणि चेनच्या रुंदीच्या किमान तिप्पट रुंद असावे, असे सांगितले आहे. मी रस्त्याच्या गाडीतही तेच प्रमाण पाळले. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चिखल अडवतो, चेन अडवत नाही.

देखभालीचे माझे वेळापत्रक साधे आहे. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात किंवा ट्रॅकवर गाडी चालवली असेल तर त्याच दिवशी, मागची दोन्ही चाके उचलायची, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि चेन हाताने फिरवत रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवायची. इंजिन चालू ठेवून चेन फिरवण्याचा मोह कधीही करू नये, त्यात बोटे जातात. पेट्रोल, तारेचा ब्रश आणि जोरदार पाण्याचा फवारा या तिन्हींमुळे रबरी कड्या खराब होतात किंवा त्यांच्यातून पाणी आत शिरते. कोरड्या कापडाने पुसून मग ८०-९० गिअर ऑइल चेनच्या खालच्या बाजूच्या आतल्या अंगाला, पट्ट्यांच्या फटींवर थोडे थोडे सोडायचे, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेने पसरते. सीलबंद चेनच्या पिनपर्यंत हे तेल पोहोचत नाही. ते बुशवर फिरणाऱ्या रोलरसाठी, गंज रोखण्यासाठी आणि रबर कोरडे पडू नये म्हणून असते. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना तेल द्यावे आणि रात्रभर मुरू द्यावे. निघण्यापूर्वी पाच मिनिटे आधी दिलेले तेल गाडीच्या पोटाला जाऊन चिकटते.

धुतल्यावर मोजमाप. वीस कड्या, म्हणजे एकवीस पिन, ताणून धरून पहिल्या आणि शेवटच्या पिनच्या केंद्रांमधले अंतर मोजायचे. नव्या चेनमध्ये ते ३१७.५ मिलिमीटर असते. ते एक टक्क्याने वाढून ३२०.७ झाले की चेन बदलायची. ही लांबी पट्ट्या ताणल्यामुळे वाढत नाही, प्रत्येक पिन आणि बुश थोडेथोडे झिजल्यामुळे वाढते, म्हणून चेनवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजणे गरजेचे आहे. एकाच ठिकाणी जास्त वाढ दिसली तर तिथले सील गेले असे समजावे आणि तांबूस पूड शोधावी. नवी चेन जुन्या, आकड्यासारख्या वाकलेल्या दात्यांवर चढवू नये. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, या तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्यात. मागचे स्प्रॉकेट मी पोलादाचेच घेतो, ॲल्युमिनियमचे हलके असले तरी इतक्या ओढीखाली लवकर झिजते. त्याच वेळी पुढच्या स्प्रॉकेटचा नट आणि तो सैल होऊ नये म्हणून वाकवलेली चकती यांवरही नजर टाकावी.

गाडीच्या वहीत आताच्या चेनची पहिली नोंद ३१७.६ ची आहे. पहिल्या चार हजार किलोमीटरनंतर ३१८.० भरले, आणि गेल्या रविवारी आठ हजारांवर, तिन्ही ठिकाणी, ३१८.३. आतल्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्याच मळकट आहेत.